वालीवची खोटी गुहा

"काय सर, कुठं निघालात?" असं कुणी विचारलं की युजीन सर "इकडेच" म्हणत आणि स्कूटर चालू करत. त्यांच्या या "इकडेच"मध्ये मासळीबाजार, दातांचा दवाखाना, बँक आणि वसईच्या पूर्वेचे झाडून सगळे डोंगर मावत असत. सर राजोडीचे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पोरांकडून जगाचा नकाशा घोटून घेणारा हा माणूस स्वतःचा ठावठिकाणा कुणाला लागू देत नाही, याची गावाला मोठी गंमत वाटे. त्यांच्या बायकोला, मटिल्डाला, ती अजिबात वाटत नसे.

सरांच्या तोंडाला कुलूप लागायला कारण होतं. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांचा बालमित्र कॉन्रॅड डोंगरात भटकायला लागले. भटकता भटकता त्यांना एक गुहा सापडली. छोटीशी, थंडगार, आत पाण्याचं टाकं. कॉन्रॅडला आनंद पोटात ठेवता येत नाही, त्यानं फोटो टाकले. एक पावसाळा संपायच्या आत त्या गुहेत बदामाच्या आकारात नावं आली, टाक्यात वेफर्सची पाकिटं तरंगायला लागली आणि दारावर कुणीतरी रंगानं बोअरवेल खोदून देणाऱ्याचा फोन नंबर लिहिला. सर ते बघून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. कॉन्रॅड जेवला, पण त्यालाही वाईट वाटलं.

म्हणून दुसरी गुहा सापडली तेव्हा सरांनी नियमच घातले. फोन घरी ठेवायचे. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. ही गुहा कुठे आहे ते मलाही ठाऊक आहे, पण मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. तिच्यात मागच्या भिंतीवर, अगदी खाली, लाल मातीत बुडवून उमटवलेले हाताचे ठसे होते. इवलेसे, पोरांचे असावेत असे. कुणी उमटवले, कधी उमटवले, सरांना माहीत नव्हतं. पण त्यांच्यापुढे उकिडवं बसलं की हा कडक माणूस विरघळायचा. आपण मेलो तरी चालेल, या हातांवर कुणी आपलं नाव लिहिता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पण कॉन्रॅड तो कॉन्रॅडच. एकदा त्यानं चोरून फोन नेला, गुहेच्या तोंडाचा फोटो काढला आणि सरांना पाठवण्याऐवजी चर्चच्या गायकांच्या ग्रुपवर पाठवला. लगेच पुसलाही. पण त्या ग्रुपवर ग्लोरिया होती, आणि ग्लोरियाच्या नजरेतून सुटलेलं असं त्या ग्रुपवर आजवर काही आलेलं नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर तिनं सरांना अंगणातच गाठलं.

"सर, गुहा सापडली म्हणे."

सरांनी तिला जरा बाजूला घेतलं. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "वालीवच्या मागं ती बंद पडलेली दगडखाण आहे ना, तिथं. पण कुणाला सांगू नकोस."

आता वसईत मिस्सेनंतर "कुणाला सांगू नकोस" म्हणणं म्हणजे भोंगा लावून सांगण्यासारखंच, हे सरांना पुरतं माहीत होतं. त्यांना तेच हवं होतं. ती खाण म्हणजे सुरुंगांनी सरळ तासलेला काळा कडा. पाल लपायलाही तिथं भोक नव्हतं. लोक जातील, घाम गाळतील, शिव्या देत परततील आणि गुहेचा विषय कायमचा मिटेल, असा सरांचा हिशेब. पाप लहान होतं आणि कारण मोठं होतं.

पाव घेऊन सर घरी पोचले तर मटिल्डा दारातच उभी.

"ग्लोरियाला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

पुढचे काही दिवस सरांना कालवणात मीठ कमी लागलं. पण ते खुशीत होते.

त्यानंतरच्या रविवारी दारात सिद्धेश उभा राहिला. सरांचा जुना विद्यार्थी, आता विरारला राहणारा, फोनवर छोटे छोटे व्हिडिओ करून टाकणारा. वालीवला जाऊन आलोय म्हणाला. आता हा शिव्या देणार म्हणून सर सरसावून बसले. सिद्धेशनं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

"सर, काय कडक गुहा आहे. माझी मैत्रीण आर्या तर बाहेर यायलाच तयार नव्हती."

"कुठली गुहा?"

"वालीवची, सर. टेन्शन नका घेऊ, मी ठिकाण कुणाला सांगितलं नाही. फक्त व्हिडिओ टाकलाय."

सरांनी व्हिडिओ बघितला. त्यांच्याच गुहेचं बुटकं दार. दाराशी डावीकडे झुकलेला दगड. आतला उतार, आणि उतारावर छतातून पडणारा उजेडाचा कवडसा. सरांनी पेढा तोंडात घातला खरा, पण तो गिळायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते कॉन्रॅडला घेऊन वालीवला गेले. कारखान्यांच्या मागच्या रस्त्यानं, धूळ खात. खाणीच्या तोंडाशी एका माणसानं वडापावची गाडी लावली होती आणि वर पाटी होती, "गुहा वडापाव".

"आत गर्दी आहे," गाडीवाला म्हणाला. "आत्ताच दोन फॅमिली गेल्यात. जरा थांबा."

ते खाणीत उतरले. समोर कडा होता. वरपासून खालपर्यंत सपाट, काळा, उन्हानं तापलेला. कुठे फट नाही, दार नाही. खाणीत माणूस नाही.

कड्याच्या पायाशी मात्र चपला होत्या. देवळाबाहेर काढून ठेवतात तशा, ओळीनं. बायकांच्या, पुरुषांच्या, आणि चालताना दिवे लागतात तसले लहान मुलाचे बूट.

कॉन्रॅडनं बराच वेळ त्या चपलांकडे पाहिलं. "युजीन," तो म्हणाला, "आपण चहा घेऊ."

त्यांनी गाडीवर चहा घेतला. परत आले तर चपला नव्हत्या. खाणीतून वर यायचा रस्ता गाडीजवळूनच जात होता आणि त्यांच्यासमोरून कुणी गेलं नव्हतं. तरी गाडीवाला म्हणाला, "गेले की मघाशीच. लहान पोर रडत होतं, अजून बघायचंय म्हणून."

सरांनी घरी आल्यावर स्वतःला समजावलं. ऊन होतं, वय झालं, गाडीवाला लबाड आहे. आणि काही का असेना, आपली गुहा सुरक्षित आहे ना, मग झालं. असा विचार केला की त्यांना जरा बरं वाटे. जरासा हेवाही वाटे. गुहा त्यांची, लबाडी त्यांची, आणि साऱ्या वसईत ती न दिसलेले दोघेच, ते आणि कॉन्रॅड.

मग मटिल्डा चर्चच्या बायकांबरोबर टेम्पो करून वालीवला जाऊन आली. आल्यावर तिनं शांतपणे पर्स ठेवली, पाणी प्यायली.

"बरी आहे तुमची गुहा," ती म्हणाली. "ते लाल हात बघून मला रडू आलं. एका हाताला करंगळीच नाही हो. काय झालं असेल त्या लेकराला?"

सर उभे होते ते खाली बसले. बिनकरंगळीचा हात सगळ्यात खाली कोपऱ्यात होता. तो त्यांनी कुणालाही दाखवला नव्हता. कॉन्रॅडलासुद्धा नाही.

"पण लोकांनी नावं लिहायला घेतलीत," मटिल्डा म्हणाली. "त्या तुमच्या सिद्धेशनं निळ्या ऑइलपेंटनं लिहिलंय. शिकवलंत काय त्याला?"

सरांनी स्कूटर काढली. वालीवला नाही, खऱ्या गुहेकडे. कॉन्रॅड मागं बसला आणि जन्मात पहिल्यांदा वाटभर गप्प राहिला.

गुहेच्या दारावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न तुटलेलं. खालच्या मऊ धुळीत पाऊल नव्हतं. सरांनी जाळं बाजूला केलं आणि आत शिरले. आत रंगाचा वास भरला होता.

मागच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, सिद्धेश, आर्या, मध्ये बदाम. आजूबाजूला आणखी नावं होती. सरांनी बोट लावलं. रंग ओला होता. सगळ्यात खालचं नाव त्या इवल्या हातांपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

सर तिथंच मटकन बसले आणि रडले.

त्या रविवारी मिस्सेच्या शेवटी, सूचनांच्या वेळी, त्यांनी फादरांकडून माइक मागून घेतला. "वालीवला गुहा नाही," ते म्हणाले. "मी खोटं बोललो होतो. तिथं नुसता दगड आहे. कृपा करून कुणी जाऊ नका."

मग हळूहळू सगळ्यांच्या चेहऱ्यांवर कौतुक उमटलं. ज्यांनी गुहा डोळ्यांनी पाहिली होती, ती माणसं हे कशी मानणार?

"किती जपता हो सर," ग्लोरिया बाहेर आल्यावर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "देवळात खोटं बोललात त्या गुहेसाठी."

दुपारपर्यंत वालीवला रिक्षा मिळेना.

आता एकच करण्यासारखं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मटिल्डाला सगळं खरं सांगितलं आणि तिला स्कूटरवर मागं बसवलं. निघताना ती "कुठं" म्हणाली नाही. डोंगर चढताना मात्र एकदा थांबून म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत तर मी कोलंबीचं लोणचं आणलं असतं डब्यात."

करवंदाची जाळी तिथंच होती. सर आणि कॉन्रॅड बसून खायचे तो दगड तिथंच होता. डावीकडे झुकलेला दगडही होता.

दार नव्हतं.

होता तो सपाट, काळा कडा. सरांनी दोन्ही हात लावून तो चाचपला, खालपासून वरपर्यंत. तो तापला होता.

मटिल्डा हसली नाही. ती पुढे झाली आणि तिनं दगडाला कान लावला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"आत शाळा भरलीय का?" तिनं विचारलं. "कुणीतरी सांगतंय, मागे व्हा, हात लावू नका म्हणून."

"कोण?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि कान काढून घेतला. "चला," ती म्हणाली. "ऊन वाढतंय."

ते घरी आले तेव्हा सिद्धेश ओट्यावर वाट बघत बसला होता. हातांना टर्पेंटाइनचा वास, मान खाली.

"सर, सॉरी. सगळं पुसून आलो. माझंही आणि बाकीच्यांचंही. सकाळी तुम्ही ज्या आवाजात बोललात ना, एकदम आठवी ब आठवली."

"सकाळी?"

"गुहेत, सर."

सिद्धेशनं फोन पुढे केला. फोटोत भिंत स्वच्छ होती. लाल हात सगळे जागेवर होते, बिनकरंगळीचासुद्धा. खरं सांगायचं तर सरांना आधी आनंदच झाला. मग त्यांना भिंतीच्या कडेला बसलेला माणूस दिसला. सरांचंच टक्कल, सरांचाच चष्मा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं.

मटिल्डानं फोन हातात घेतला, पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"तुम्ही तिथं बसून असता म्हणून आता भिंतीला कुणी बोट लावत नाही," सिद्धेश म्हणाला. "बेस्ट केलंत, सर. फक्त निघताना तुम्ही माझी फिरकी घेतलीत."

"काय केलं मी?"

"मलाच विचारलंत, युजीन सर कुठं राहतात म्हणून. मला हसूच आलं. मी म्हटलं, नाही सांगणार. तुम्हीच शिकवलंय ना, ठिकाण कुणाला सांगायचं नाही."

"बरं केलंस," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच नीट ऐकू आला नाही. "मग?"

"मग तुम्ही शब्द दिलात, कुणाला सांगणार नाही म्हणून." सिद्धेश ओट्यावरून उठला आणि त्यानं चपला पायात सरकवल्या. "म्हणून सांगितलं."