औषध गेलं कुठे?

"मांडीवर सुईची खूणच नाही," हॉस्पिटलमधले डॉक्टर फोनवर शाळेच्या सिस्टरना म्हणाले.

दुसरीतल्या छोटीला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्किट खाल्लं आणि तिचा श्वास कोंडला. वर्गबाईंनी ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचं तयार पेन मांडीत टोचलं, तरी ढिम्म फरक नाही. अँब्युलन्सवाल्यांनी दंडात दुसरं टोचलं तेव्हा कुठे पोर वाचली. आता तिच्या आईचा एकच प्रश्न होता: सोमवारी मुलीला शाळेत पाठवू की नको?

"पेनच खराब असणार," हेडबाई म्हणाल्या. "पेन वापरायला शिकवण्यात तर काही कमी नव्हती."

ते खरंच. गेल्याच महिन्यात सिस्टरनी तीस शिक्षकांना शिकवलं होतं. सरावाचं पेन एक, तास एक.

वापरलेलं पेन सिस्टरनी उजेडात धरलं. मुदत पुढच्या वर्षाची. सुई बाहेर आलेली, औषध संपलेलं.

"बाई, नक्की टोचलंत?"

"म्हणजे काय! पेन दाबून दहापर्यंत आकडे मोजले की."

"मांडीलाच?"

"मांडीलाच." वर्गबाईंनी डाव्या हातानं ग्लास उचलला. तो दातांवर वाजला.

"छातीत धडधडतंय का हो?"

"एवढा प्रकार झाल्यावर धडधडणार नाही?"

"बरं, या कागदावर सही करा."

उजवा हात टेबलाखालून नाइलाजानं वर आला. बॉलपेन निसटलं. सिस्टरनी हात पकडला. अंगठा पांढराफटक, गारढोण. मधोमध लाल ठिपका.

"तुम्ही पेन उलटं धरलंत. बटण समजून ज्या टोकावर अंगठा दाबलात, तिथूनच सुई येते. औषध तुमच्यात गेलं. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून अंगठा गार. धडधडही त्याचीच. आधी डॉक्टरांकडे चला."

वर्गबाईंना रडू फुटलं. "मला कळलं होतं हो. पण तोंडच उघडेना."

"रजिस्टरात 'करून दाखवलं' असा शेरा आहे तुमच्या नावापुढे!" हेडबाई कडाडल्या.

"शेरा माझा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पेन पुढच्या दोन रांगांतच फिरलं. बाई शेवटच्या बाकावर होत्या. घंटा झाली आणि मी सगळ्यांच्या नावापुढे शेरा ठोकून मोकळी झाले. गुन्हेगार हवाय ना? मी आहे."

तेवढ्यात छोटीच्या आईचा फोन आला. "सिस्टर, पेन खराब निघालं ना? नवं आणलं की पाठवू सोमवारी?"

हेडबाईंनी 'हो म्हणा' असं खुणावलं.

सिस्टरनी हेडबाईंकडे पाठ केली. "पेन चांगलं होतं, ताई. आम्हालाच वापरता येत नाही. सोमवारी नका पाठवू."