भरदुपारची रात्र

रिठदच्या शिवारात वैभवीने जेवढ्या म्हणून मध्यरात्री उभ्या केल्या, त्या सगळ्या भरदुपारच्या. त्याला इलाज नव्हता. रिसोडच्या ज्या स्टुडिओत ती लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची, तिथल्या मालकाने सुटीच्या दिवशी कॅमेरा दिला, पण दिवे काही दिले नाहीत. शिवाय पोरगी अंधारात तुरीच्या वावरात जाणार म्हटल्यावर सोजरबाईने, म्हणजे तिच्या आईने, तिला उंबऱ्यातच अडवलं असतं. मग पवनने जुनीच युक्ती काढली. हा पवन स्टुडिओतलाच कॅमेरावाला, रिठदचाच, आणि भुताखेतांच्या सिनेमासाठी वैभवीइतकाच वेडा. आभाळ दिसू द्यायचं नाही, चित्र जरा काळपट घ्यायचं आणि मिक्सिंगमध्ये त्यावर निळा रंग चढवायचा. उन्हाचं चांदणं होऊन जातं. सावल्या काळ्याभोर पडतात, त्या फुकटच्या.

सिनेमा चार गोष्टींचा होता: एक विहिरीतल्या बादलीची, एक आपोआप चालणाऱ्या पिठाच्या गिरणीची, एक बुजगावण्याची आणि एक अशा पाहुण्याची, जो गावातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत दिसतो. चारही गोष्टींतली भुतं शेजारच्या ललिताबाईंनीच केली. एकदा तर त्या तोंडावरची पावडर न पुसताच बचत गटाच्या मीटिंगला गेल्या आणि तिथे सगळ्यांनी सह्या भराभर केल्या म्हणतात.

हे वेड वैभवीला लावलं देवानंदमामाने. ती लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आसेगावला जायची. मामा वाशीमहून सीड्या आणायचा. त्यांत हमखास एक असायची, जिच्यात तीन-चार भुताच्या गोष्टी एकामागून एक. मोठ्या नटांचे, मोठ्या खर्चाचे सिनेमे मामाला आवडतच नसत. "मोठ्या पिच्चरमंदी भूत येईपर्यंत झोप येते," तो म्हणायचा. "यात कसं, एक गोष्ट फसली त फसली, धा मिनिटांत दुसरी हजर. पंगतीत बसल्यावानी." पहिल्या गोष्टीत मेलेला माणूस तिसऱ्या गोष्टीत मिशी लावून फौजदार व्हायचा. वटवाघळाची दोरी दिसायची. चेटकिणीच्या पायात रबरी चप्पल दिसली की मामा सीडी थांबवायचा आणि दाखवायचा, "पाह्य. ज्या भुताले चप्पल हाय, त्याले घर हाय. भ्याचं नाई." वैभवी भ्यायची आणि हसायची, एकाच वेळी. त्या वयात तिला वाटायचं, हे लोक आपल्यातलेच आहेत, आणि त्यांनी हे सगळं आपल्यासाठी घरच्या घरी करून पाठवलंय. ते तिला अजूनही वाटायचं.

म्हणून चार गोष्टी जोडणारा म्हातारा गाडीवाला मामानेच करायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

या सगळ्यात सोजरबाईचा एकच आक्षेप होता. एरवी बाई थट्टेखोर, पण या बाबतीत ती कधी हसली नव्हती. "दिवसा गोष्ट सांगू नोको व पोरी. मामा वाट चुकते." हे वैभवीने लहानपणापासून ऐकलं होतं, वऱ्हाडात ते कोणी ऐकलं नाही?

"आई, आमी सांगून कुठी राह्यलो? शूटिंग करून राह्यलो."

"गोष्ट थे गोष्टच."

पवनने दात काढले. "मावशी, आमी दिवसाची रातच करून राह्यलो नं! मंग कायचं भेव?"

सोजरबाई उठली. निवडायला घेतलेले तांदूळ घेऊन आत गेली.

पौषातल्या एका सकाळी मामा आसेगावहून निघाला. वाशीमला गाडी बदलली, तेव्हा त्याने फोन केला. रिठदला उतरला, तेव्हाही केला. "उतरलो. भाकरी टाकाले सांग." स्टँडपासून घर हाकेच्या अंतरावर. पानठेल्यावाल्याने त्याला पाहिलं; मामाने सुपारी घेतली, पाठीवर पिशवी टाकली आणि नेहमीच्या बोळात वळला.

भाकऱ्या झाल्या, निवल्या, तरी मामा आला नाही.

मग फोन वाजला. "वैभवी, मी चालूनच राह्यलो व. पण आज अंधार लवकर पडला."

वैभवीने दाराबाहेर पाहिलं. अंगणात मिरच्या वाळत होत्या. ऊन डोळ्यांत खुपत होतं.

"मामा, आता त दुपार हाय."

"असन बाप्पा तुमच्याकडं. इकडं चांदणं पडलं, निळंनिळं. वावरं वळखीचे वाटतात, पण घर काही येऊन नाई राह्यलं."

वैभवीला आधी वाटलं, साखर कमी झाली असेल. मग वाटलं, डोक्यात काही झालं असेल. पवनने मोटरसायकलवर शिवार पालथं घातलं. गावातल्या पोरांनी विहिरी पाहिल्या, नाल्याचा काठ पाहिला. पोलिसांनी फोन कुठल्या टॉवरवर लागतो ते काढलं, तर टॉवर रिठदचाच. दुसऱ्या दिवशीही मामाचे फोन येतच राहिले. ज्या फोनची बॅटरी एरवी संध्याकाळ बघत नसे, तो चालूच होता. मामा रागावत नव्हता, रडत नव्हता. नुसता दमलेला वाटत होता. "इथची रात लय लांब हाय व," एवढंच म्हणायचा.

सोजरबाई फोनला हात लावत नव्हती. दाराशी बसून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैभवीने कॉम्प्युटर लावला. वाशीमच्या एका मंडळाच्या स्पर्धेला सिनेमा पाठवायची मुदत संपत आली होती, पण खरं सांगायचं तर तिला नुसतं बसवत नव्हतं, एवढंच. तिने बुजगावण्याची गोष्ट उघडली. निळी रात्र, तुरीचे तास, मधोमध बुजगावणं.

आणि तुरीतून एक माणूस चालला होता.

पांढरा सदरा, पाठीवर पिशवी. वैभवीने चित्र मोठं केलं. चेहरा फुटून गेला, पण डाव्या पायावर जरा भार देऊन चालायची तऱ्हा तिला दुरूनही ओळखू आली असती. हे शूटिंग महिन्यापूर्वीचं. तेव्हा मामा आसेगावला हरभऱ्याला पाणी देत होता.

तिने निळा रंग काढला. लख्ख दुपार झाली. तूर, बुजगावणं, वर बसलेला एक होला. माणूस नाही.

रंग चढवला. माणूस होता. थोडा पुढे गेलेला.

तिने पुन्हा काढला, पुन्हा चढवला. यंत्राचा दोष असेल म्हणून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. मामा चालत चालत चित्राच्या कडेला गेला आणि बाहेर पडला. तिने पुढची गोष्ट लावली. लग्नाच्या मांडवामागून तो आला, थांबला, कपाळावर हात धरून त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा निघाला. चौथी गोष्ट संपली तशी तो पहिल्या गोष्टीतल्या विहिरीपाशी आला. पुढे गिरणी. पुढे तूर.

चारच जागा होत्या. त्यांच्यात घर नव्हतं, कारण घराचं शूटिंग त्यांनी केलंच नव्हतं.

सोजरबाई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. 'म्हटलं होतं मी' असं ती म्हणाली नाही.

"थो अंधार काढ, पोरी," ती म्हणाली. "त्याले दिवस दाखव."

"आई, मंग पिच्चर राह्यत नाई."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि वैभवीला स्वतःचीच लाज वाटली. पण ते खरंही होतं. त्या निळ्या रात्रीवर तिचा फार जीव होता. एकेक सावली तिने हाताने सावरली होती. रंग काढला की उरणार होत्या त्या भरउन्हात हात पसरून पळणाऱ्या ललिताबाई. तिने पवनला फोन लावला. त्याच्याकडेही एक प्रत होती. तिने त्याला पडद्यावरचं सगळं सांगितलं.

"काढून टाक," तो म्हणाला. "माह्याकडचीबी पुसतो."

तिने विहिरीवरचा रंग काढला. गिरणीवरचा काढला. तुरीचा काढला, मांडवाचा काढला. निळ्या प्रती एकेक करून पुसल्या.

फोन वाजला.

"उजाडलं व!" मामा ओरडला. "एकदम उजाडलं! अव, मी त आपल्या बोळातच उभा हाव!"

वैभवी अनवाणी धावत बोळाच्या तोंडाशी गेली. मामा खरोखर तिथे उभा होता, डोळे मिचमिचवत. तिने त्याला लहानपणी मारायची तशी मिठी मारली. सदऱ्याला तुरीच्या फुलांचा वास होता.

घरी येऊन तो जेवायला बसला. जेवताजेवताच त्याने सिनेमा लावायला लावला आणि उन्हातलं भूत बघून ठसका लागेस्तोवर हसला. "साडीची पिन दिसते! अव, पिन दिसते! याले म्हणतात पिच्चर. हाच पाठव तू." वैभवीही हसली, डोळे पुसत. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. सोजरबाई भावाच्या पानात भाकरी मोडून वाढत होती, तो नको नको म्हणत असतानाही.

"बाई, अजून एक ताट वाढजो," मामा म्हणाला.

"कोनाले?"

"एक बुढे बाबा होते तिथी. धोतर, टोपी. माह्या कितीतरी आंदीपासून चालून राह्यले म्हणे. उजाडलं तवा मीच म्हटलं, चला माह्यासंगं. आसेगावले जाचं होतं त्यायले, सोजरकडं. म्या म्हटलं, सोजर त माही बहीण, रिठदले हाय ते."

सोजरबाईचा हात थांबला.

"त हासले मले. म्हणे, सोजरले भाऊ नाई अजून. नऊ वर्साची हाय माही भाची. लय हट्टी हाय, भरदुपारी पोट्टे जमवते अन् गोष्टी सांगते."

मामा सोजरबाईहून बारा वर्षांनी लहान. सोजरबाईलाही एक मामा होता, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वैभवीलाही नाही.

"हे देलं माह्याजोळ," मामाने पिशवीतून एक पुडकं काढलं. "म्हणे, तू हो पुढं, मी पाय धुऊन येतो."

कागद पिवळा पडलेला होता. आत लाल फ्रॉक होता, कोरा, खांद्यावर झालर लावलेला. सोजरबाईने तो दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. मग पिकलेल्या केसांवरून हात फिरवला.

"वैभवी," ती अगदी हळू म्हणाली, "मले वळखतीन का व थे?"

बाहेर रांजणापाशी कोणीतरी सावकाश पायांवर पाणी ओतत होतं. मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.