टेकचे सात अर्थ

"टेक ओव्हर," नफीसा परकार म्हणाली. "म्हणजे काम आपल्या ताब्यात घेणं."

"आणखी?" डॉ. हेमांगी दांडेकरांनी विचारलं.

नफीसाचा हात कानामागे गेला. परवापर्यंत तिथे भाषापट्टी होती. सहा वर्षं ती मालवाहू जहाजावर इंजिनीअर होती आणि सहा वर्षं तिला इंग्रजी या पट्टीनेच पुरवलं होतं. पट्टी शिकवत काहीच नसे. बोलायचं मनात आलं की मेंदूतला तो तरंग ओळखून ती हवा तो शब्द आयता जिभेवर आणून ठेवी. शिकायचे कष्ट वाचले म्हणून लोक खूश होते, आणि लोकांना खूश व्हायला एवढं पुरतं. पुढे काहींना झटके येऊ लागले, तेव्हा सगळ्या पट्ट्या काढायचं ठरलं.

काढल्यावर काय उरतं हे तपासायला डॉक्टरांनी टेक हे इंग्रजी क्रियापद निवडलं होतं. दिसायला साधं, पण अर्थ साठाच्या वर. औषध टेक करतात, फोटो टेक करतात, परीक्षाही टेकच करतात आणि विमान उडतं तेही टेक ऑफ. पट्टी असताना नफीसा हे सगळं सहज बोलायची. आज तिला सात आठवले.

"टेक ओव्हर कुठून आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रॉडेलकडून. आमच्या जहाजावरचा फिलिपिनो. पाळी बदलताना रोज असं म्हणायचा आणि पाना माझ्या हातात द्यायचा."

"आणि टेक इट ईझी?"

"पंप फुटला तेव्हा मी रडले होते. तेव्हाही तोच."

"टेक आफ्टर?"

नफीसा हसली. "त्याला इनायाचा फोटो दाखवला होता. म्हणाला, पोरगी तुझ्यावर गेलीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी तपासलेल्या लोकांतही त्यांना हेच दिसलं होतं. माणसाकडून आलेला शब्द मेंदूने सांभाळून ठेवला होता. नुसता पट्टीने पुरवलेला पट्टीबरोबर गेला होता.

नफीसाचं हसू मावळलं. "मॅडम, इनायालाही पट्टी आहे."

"इंग्रजीची?"

"मराठीची."

इनाया चार वर्षांची. ती दीड वर्षाची असताना पाळणाघराने सगळ्या मुलांना पट्ट्या लावल्या. तीस मुलं आणि दोन ताई. मुलं आपली आपण बोलू लागली तर कोणाला नको होतं? नफीसा वर्षातले आठ महिने समुद्रावर. नवरा इम्तियाज मासळीच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करून यायचा आणि गप्प पडून राहायचा. जहाजावर फोन आला की इनाया घडाघडा बोलायची आणि नफीसाला केवढा अभिमान वाटायचा! पण त्यातले किती शब्द माणसाकडून आले होते?

"तिची कधी काढणार?"

"तीन आठवड्यांनी. फार लांबवणं धोक्याचं."

"तोवर मी बोलले तिच्याशी, तर राहील?"

"पट्टी बंद ठेवून बोललात, तर काही राहील. किती, ते नाही सांगता येणार. पण तुमची चीफ इंजिनीअरची परीक्षा याच महिन्यात आहे ना?"

"पुढच्या वर्षी देईन," म्हणत नफीसा उठलीसुद्धा.

पट्टी बंद केली त्या दिवशी इनाया आधी मुकाट बसली, मग चिडून ताटल्या फेकू लागली. नफीसा हटली नाही. बंद पडलेलं इंजिन ती असंच एकेक नट खोलून चालू करायची. टेकच्या सगळ्यात जवळचा आपला शब्द, 'घे', तिने आधी धरला. चमचा घे. हात धुवून घे. बाहुलीला मांडीवर घे. प्रत्येक वेळी ती वस्तू, ते पाणी, ती मांडी समोर असायचीच. इम्तियाजलाही हुकूम सुटला, घरी आलास की तोंड उघडायचं. तो दमलेला माणूस पोरीला रोज एकेक मासा नावानिशी दाखवू लागला. नफीसाला सारखी भीती वाटायची. ती कामाला लागायची तीही भीतीसकटच.

एकविसाव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी चित्रं दाखवली. हत्ती. छत्री. विमान. इनायाने ओठ घट्ट मिटून घेतले. चौथ्या, माशाच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "बांगडा. पप्पा." पुढची चित्रं पुन्हा मुकीच गेली. काचेपलीकडून बघणाऱ्या नफीसाला राहवेना. ती दार ढकलून आत आली.

इनायाने दोन्ही हात वर केले.

"अम्मी, घे."

नफीसाने तिला उचलून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता. "बाकीचे शब्द आम्ही शिकवू, मॅडम. वेळ लागला तर लागू दे."

टेबलावर त्याच पाळणाघरातल्या उरलेल्या एकोणतीस मुलांच्या फायली होत्या. वरचीच उघडी होती. 'घरी मुलाशी कोण बोलतं?' या प्रश्नापुढची जागा कोरी होती. नफीसाने खालची उघडली. तीही कोरी.

"यांच्या पट्ट्या कधी निघणार?"

"पुढच्या महिन्यात."

नफीसाने इनायाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग उद्यापासून रोज सकाळी यांना माझ्या अंगणात पाठवाल?"