करंजेल

करिश्माचा दोनच गोष्टींवर विश्वास होता: रिपोर्टवर आणि सासूवर. टेंभी नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये ती नऊ वर्षं लोकांचं रक्त काढत होती. आणि सासू, कोलशेतच्या ठमाबाई, म्हणजे मासळी शिळी असली तर गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारी बाई. म्हणून सासूचा गुडघा बदलण्याआधीचा फॉर्म भरताना, "आई, अंगावर कुठे जखम आहे?" एवढंच तिने विचारलं. "नाय गो पोरी," सासू म्हणाली आणि करिश्माने 'नाही'वर खूण केली. साखर, दात, लघवी, सगळं तपासून झालं होतं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी झिरपू लागलं. गुडघा तापलेला होता. डॉक्टरांनी पायाची बोटं एकेक करून फाकवली. आतली कातडी पांढरी पडून फाटली होती.

"हे काय?"

"चिखल्या," ठमाबाई म्हणाल्या. "त्या काय जखम हाय? खाडीत उतरनाऱ्या समद्यांना होतान."

त्यांच्या लेखी चिखल्या हातावरच्या रेषांसारख्या होत्या, प्रत्येकाला असायच्याच. पण अशा भेगांतूनही जंतू शिरू शकतात, डॉक्टर म्हणाले. ते नव्या सांध्याला चिकटले तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल, कदाचित सांधा काढावा लागेल. करिश्माला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फॉर्मवरची खूण तिची होती.

इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी सासूचा पाय मांडीवर घेऊन ती बोटं कोरडी करी आणि मलम लावी. तिसऱ्या सकाळी मलम नव्हतं. बोटांमध्ये पिवळसर तेल होतं, कडवट वासाचं.

"आई, हे कोणी लावलं?"

"लावलं आसंल कोनी."

ठमाबाईंचा हात तर नडगीच्या खाली पोचत नव्हता. करिश्माने नवऱ्याला बोलावलं. धनेशने वास घेतला आणि पाय हळूच खाली ठेवला.

"करंजेल. बाबा लावायचे. आई खाडीतून आली की."

मग तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याचे वडील नामा बारा वर्षांपूर्वी उधाणात गेले होते. होडी सापडली, ते सापडले नाहीत. तेव्हापासून घरात करंजाच्या तेलाचा थेंबही आला नव्हता.

करिश्माने लॅबमध्ये करतात तेच केलं. मलम लावून बोटांवर पट्टी गुंडाळली, चिकटपट्टी मारली आणि तिच्या कडेवर तारीख घालून सही केली. सकाळी सही जशीच्या तशी होती. कात्रीने पट्टी कापली, तर आतला कापूस तेलाने भिजलेला.

घाबरायला हवं होतं, पण भेगा भरत होत्या. सूज सांगणारा रक्तातला आकडा अडुसष्टवरून एकतीसवर आला, मग नऊवर. तिने मशीनवर दोनदा तपासला. डॉक्टरांनी श्रेय औषधांना दिलं. तिनेही देऊन टाकलं; बरं होतंय ना, मग कशाला खोलात शिरा.

एकदा तिने विचारलंच. "आई, भीती नाही वाटत?"

"त्याची?" ठमाबाई हसल्या. "हात तेवढे गार असतान. एकच इचारतं, पायऱ्या कवा उतरशील?"

"मग?"

"मी बोलली, डाक्टर सांगंल तवा."

सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "आता पायऱ्या चढायला-उतरायला हरकत नाही." रिक्षात करिश्मा आनंदाने रडली. सासूने तिचे डोळे पदराने पुसले. आईवेगळ्या करिश्माला तो पदर फार प्रिय होता. पायऱ्यांच्या त्या बोलण्याची तिला आठवणही राहिली नाही.

दुसऱ्या सकाळी ठमाबाई पेटीतलं हिरवं लुगडं नेसल्या. बारा वर्षांत त्याला हात लावला नव्हता.

"मना खाडीवर ने."

जुन्या बंदराच्या अकरा पायऱ्या. धनेशने लहानपणी शंभरदा मोजलेल्या. नवी जेटी झाल्यापासून तिथे कोणी जात नसे. शेवाळ आणि कालवांच्या धारदार कवचांनी त्या भरलेल्या असत.

आज त्या घासलेल्या होत्या. एक कवच नव्हतं, शेवाळाचा डाग नव्हता.

ओहोटी लागली होती. पाणी एकेक पायरी सोडत होतं, आणि जी उघडी पडे तीही तितकीच स्वच्छ.

"बगलास?" ठमाबाई म्हणाल्या. "मी घसरू नये म्हनून."

करिश्माने त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. "आई, घरी चला. मला तुम्ही हव्यात."

ठमाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. हाताला कडवट वास होता.

नववी. दहावी. अकरावी.

पाणी आणखी खाली गेलं, आणि बारावी पायरी वर आली.

ती कोरडी होती.