वाकणावरचं घर

बसा जरा. किल्ली हातात धरून उभं राहिलं म्हणून गोष्ट लवकर संपत नाही. आणि तुम्हाला जायचंय तेही उत्तरेच्या रस्त्यानं, म्हणजे वाकणावरूनच. ऐकून जा.

व्हर्ना टॉफ्टेबद्दल सांगतोय. तिनं हे मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्या बाईजवळ कधीच नव्हती. किराण्याची यादीसुद्धा ती दोनदा तपासायची.

साल दोन हजार दहा. मे महिन्याची चौदा तारीख, शुक्रवार, चंद्राचा पत्ता नाही अशी रात्र. त्या वर्षी जनगणना होती आणि आपल्या ब्रेडालची मोजणी व्हर्नाकडं आली होती. गावात शिरताना पाटीवर तेव्हा एकशे दोन लिहिलेलं होतं. व्हर्ना दारोदार फिरली आणि गाडी चौऱ्याण्णववर अडली. पोस्टातला ऑर्विस रोज तिची फिरकी घ्यायचा.

"काय व्हर्ना, आज कोण वजा झालं?"

"कोणी नाही. तुलाच दोनदा धरते. पोट तेवढं आहेच."

"धर की. गावाचं भलं होईल."

"एक माणूस एकदाच. नियम आहे."

नियमाच्या बाबतीत ती दगडावरची रेघ. स्वतःच्या पोटची पोरसुद्धा तिनं गावात धरली नव्हती. तिची ब्रिट फार्गोला कॉलेजात होती, आणि माणूस जिथं झोपतो तिथला, असा सरकारचा हिशेब. कॉलेजातलं पोर कॉलेजच्या गावात मोजायचं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घरात दोघीच. त्यातली एक वगळून व्हर्नानं स्वतःच्या घरापुढं 'एक' असा आकडा घातला. त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही.

तर त्या शुक्रवारी ब्रिट परीक्षा संपवून घरी यायची होती. सहा तासांचा रस्ता, एकटी, आणि आदल्या रात्रीचं जागरण. दुपारी फोनवर व्हर्ना म्हणाली, "वाकणाशी हळू ये."

"आई, मी गाडी शिकलेच त्या रस्त्यावर."

"लॉइडपण तिथंच शिकला होता."

लॉइड म्हणजे व्हर्नाचा धाकटा भाऊ. एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात, एकोणीस वर्षांचा असताना, स्टिअरिंगवरच त्याचा डोळा लागला आणि वाकणावर तो वळलाच नाही. सरळ गेला. आपले रस्ते पट्टीनं आखलेले, पण पृथ्वी पडली गोल. सर्वेवाल्यांच्या रेघा जुळेनात, म्हणून वीसेक मैल सरळ आल्यावर रस्ता मोडून बाजूला सरकवलाय. तिथं जो वळला नाही, त्याच्यापुढं शेत. शेतात एका जुन्या घराचा दगडी पाया आणि लायलॅकची झुडपं. घर माझ्या आज्याच्या काळातच गेलं. आमच्या आठवणीत त्या पायावर आपटून तिघं गेले, लॉइड शेवटचा.

लॉइड डावखुरा होता. लिहिताना पंजा अक्षरांवरून घासत जायचा आणि कागद काळा व्हायचा. आई त्याच्या नावानं खडे फोडायची. त्या रात्री निघताना त्यानं टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, 'दहापर्यंत येतो'. तीही तशीच माखलेली. व्हर्ना ती पाकिटात बाळगायची.

शुक्रवारी शेवटचं घर थॉर्सनांचं, वाकणाच्या उत्तरेला. तिथलं आटोपून व्हर्ना परत निघाली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्रिट दहाला येणार. त्याआधी बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये घालायचं होतं. वाकणाशी आली, सवयीनं हात वळवला, आणि तिला शेतात उजेड दिसला.

पिवळा. एका खिडकीचा.

ती घाबरली नाही. तेलविहिरींवर कामाला आलेले लोक तेव्हा कुठंही ट्रेलर लावून राहायचे. उलट तिला बरंच वाटलं. चार माणसं मिळाली तर अठ्ठ्याण्णव! कोरा फॉर्म लावलेली लाकडी पाटी आणि पेन्सिल घेऊन ती शेतातून चालत गेली. लायलॅकचा वास येत होता. टकटक करायच्या आतच दार उघडलं.

एक म्हातारी. करडा एप्रन.

"ये पोरी. मोजायला आलीस ना? कॉफी घेतेस?"

"नको. घाईत आहे. इथं रात्री किती माणसं झोपतात?"

"चार."

व्हर्ना मान खाली घालून लिहायला लागली. म्हातारीनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, इंगेबोर्ग सॉग. मग एका बाईचं. मग हॅरॉल्ड निस्टुएन. इथं व्हर्नाची पेन्सिल जरा अडखळली. हे नाव तिनं आधी कुठंतरी वाचलं होतं... थडग्याच्या दगडावर.

"चौथा लॉइड," म्हातारी म्हणाली.

"आडनाव?"

"तुझं माहेरचं."

व्हर्नानं मान वर केली नाही. हात मात्र लिहीत होता. मला म्हणाली, तो थांबवता येईना.

"वय?"

"एकोणीस. अजून."

आतल्या खोलीत अंधार होता. तिथं कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता, पण फळी एकदा वाजली...

"आता पाचवं लिही," म्हातारी म्हणाली.

"चार म्हणालात."

"आज एक येतंय. अंथरूण घातलंय मी. ब्रिट लिही."

व्हर्नानं पेन्सिल कागदावरून उचलली.

"दमलीय गं लेकरू. डोळे उघडे राहत नाहीयेत तिचे."

ओरडावं, पळावं, काही सुचेना. जे पाठ होतं तेवढंच तोंडातून आलं.

"तिची मोजणी झालीय. फार्गोत."

"जिथं झोपेल तिथली. तुमचाच नियम."

"एक माणूस... एकदाच."

म्हातारीनं व्हर्नाच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. पाटीही घेतली. हात गार नव्हता, ऊन नव्हता. काहीच नव्हता.

"मग मी लिहिते."

व्हर्ना पळाली. ढेकळांवर पडली, उठली, गाडीत बसली. घड्याळात दहाला आठ कमी. फोनला रेंज नाही. तिनं गाडी वाकणावरच आडवी उभी केली, सगळे दिवे लावले आणि हॉर्नवर हात दाबून धरला.

उत्तरेला दोन दिवे दिसत होते. आपल्याकडं दहा मैलांवरचा दिवा दिसतो. ते दिवे येत होते. वेग कमी होत नव्हता. एकदा डावीकडं सरकले. परत आले. पुन्हा सरकले.

व्हर्ना खाली उतरली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

दिवे आले...

सरळ आले...

आणि वळले. खडी उडाली. एक चाक चारीत घालून गाडी थांबली, व्हर्नापासून चार पावलांवर. ब्रिट आत बसली होती, दोन्ही हात चाकावर घट्ट.

"आई, मला झोप लागली होती," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

व्हर्नानं तिला बाहेर ओढून छातीशी धरलं. शेतात उजेड नव्हता. काहीच नव्हतं.

सकाळी ती माझ्याकडं आली. सरकारी कागद शेतात टाकून देणं तिच्यानं होईना, आणि एकटीनं जाण्याची हिंमतही होईना. आम्ही दोघं गेलो. गवत दवानं चिंब झालं होतं. पाटी पायाच्या दगडावर होती, कोरडी ठणठणीत. वर फॉर्म.

चार ओळी व्हर्नाच्या अक्षरात. पाचवी ओळ दुसऱ्या अक्षरात, थरथरती, जुन्या वळणाची. ब्रिट टॉफ्टे.

त्या नावावर काट मारलेली होती. एकदा नाही, कागद फाटेस्तोवर, पुन्हा पुन्हा. आणि काट जिथं सुरू झाली तिथून कागदाच्या उजव्या कडेपर्यंत पेन्सिलचा काळा फराटा पसरला होता, पंजाच्या कडेएवढा रुंद.

व्हर्नानं पाकिटातून ती चिठ्ठी काढली आणि फॉर्मशेजारी दगडावर ठेवली. मी वाकून दोन्ही पाहिलं. फराटा दोन्हींवर तसाच.

व्हर्ना उजव्या हातानं लिहायची.