भोगीच्या दिवशीची सावली

नेसरीपासून कोसभर अंतरावर चन्नाप्पा मगदूमची वस्ती. १९९० सालच्या भोगीला सकाळी त्याची बायको शांतव्वा तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती आणि बारा वर्षांचा शशिधर, तिचा एकुलता एक लेक, अप्पांची न्याहारी घेऊन लांब पट्टीकडं निघाला होता. लांब पट्टी म्हणजे घरासमोरचं सपाट, अरुंद रान. ते पार ओढ्यापासून थेट घराच्या दाराच्या रोखानं आलेलं. भुईमूग निघून गेला होता. नांगरलेली तांबडी माती उन्हात पडली होती, आणि आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता.

चन्नाप्पानं हात धुतले, तेवढ्यात बैल कान टवकारून उभे राहिले. ओढ्याकडून मातीवरून काहीतरी सरकत आलं. धुरकट, कडा विरघळलेल्या, पण दोन बाजूंना दोन पंख पसरलेली सावली. ती पट्टीवरून घराकडं गेली आणि छपराजवळ विरली. शशिधरनं मान वर केली. वर काहीच नव्हतं. आवाजही नव्हता.

"अप्पा, इमान?"

"वर दिसतंय काय इमान?" चन्नाप्पानं शांतपणे भाकरी मोडली. "दर भोगीला येती ती, तू साळंत असतोस तवा. माझ्या ल्हानपणी नुसता डाग हुता. माझा आज्जा म्हणायचा, ढगाबिगर ढगाची सावली हाय. आता तिला पंख फुटल्यागत दिसाय लागलंय."

"पर चालवतंय कोण?"

"त्ये मला काय ठावं? शिकून बघ की तूच."

चन्नाप्पा हसण्यावारी बोलला, पण शशिधरनं ते मनावर घेतलं. घराण्यात कुणी एस.टी.सुद्धा चालवली नव्हती. हा पोरगा कंदिलाशेजारी गणितं सोडवत बसला, परीक्षा देऊन साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेला. पहिल्या वर्षी रडून परत येईल, असं सगळी भावकी म्हणाली. तो नाही आला. तिथून खडकवासल्याची प्रबोधिनी, मग विमानदलाचं प्रशिक्षण. एका शिक्षकानं तुझा हात जड आहे, नांगर धरल्यासारखा विमानाचा दांडा धरतोस, असं सुनावलं होतं. शशिधरनं रोज तासभर पेन्सिल दोन बोटांत धरून हात हलका केला. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून खाली उतरला तेव्हा सोबतच्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या मनात मात्र लांब पट्टीच होती.

रजा मिळेल त्या भोगीला तो रानात उभा राहायचा. हातात घड्याळ, खिशात वही. अकराला दहा मिनिटं असताना सावली यायची, कधी पुढंमागं नाही. तिच्यात होणारा बदल त्याला आता समजू लागला होता. विमान उंचावर असलं की सावलीच्या कडा विरतात. खाली आलं की त्या धारदार होतात. दर भोगीला कडा धारदार होत चालल्या होत्या.

२००२ सालच्या भोगीला तिरक्या उन्हात सावलीचा आकार स्वच्छ दिसला. पंखांच्याही वर उचलून बसवलेली दोन इंजिनं, उंच शेपूट. शशिधरनं वहीत आकृती काढली. ते एएन-३२ होतं. गेले सहा महिने तो तेच मालवाहू विमान चालवत होता.

पुढच्या भोगीला सावलीची चाकं खाली आलेली होती.

त्या दुपारी त्यानं वहीत पुन्हा पुन्हा आकडे मांडले आणि मग वडिलांसमोर जाऊन बसला.

"अप्पा, पुढल्या वर्षी त्ये उतरणार. इमानाला ही पट्टी आखूड हाय. थांबलं न्हाय तर सरळ आपल्या घरात घुसतंय. तुम्ही दोघं आठवडाभर गडहिंग्लजला जावा."

चन्नाप्पाच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. त्यानं ते पुसलं नाही. "सावलीला भिऊन घर सोडू व्हय? मी हितनं हलत न्हाय."

"मग मीबी येतो. उभा ऱ्हातो तिच्या म्होरं."

"ये की," चन्नाप्पा म्हणाला.

२००४ सालची भोगी. शशिधरनं रजा काढली होती. त्यानं पट्टीतली ढेकळं फोडून घेतली, खड्डे बुजवले. शांतव्वाला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती आत भोगीच्या भाजीला फोडणी देत होती. घरापासून पन्नास पावलांवर, दाराकडं पाठ करून तो उभा राहिला. दोन्ही हातांत दोन लाल पंचे. धावपट्टीवर विमानाला जागा दाखवणारा माणूस उभा राहतो तसा. चन्नाप्पा बांधावर बसला होता.

अकराला दहा मिनिटं.

ओढ्याकडची पाखरं गप्प झाली.

सावली आली. काळी कुळकुळीत, कातरून ठेवल्यासारखी. चाकांच्या सावल्या मातीला टेकल्या तेव्हा मातीचा कणही उडाला नाही. पण जळक्या रॉकेलसारखा, विमानतळावरचा ओळखीचा वास त्याच्या नाकात भरला.

त्यानं दोन्ही हात वर केले. ये. सरळ ये.

सावली सरळ आली.

त्याचे पाय पळायला बघत होते. त्यानं टाचा मातीत रोवल्या आणि डोक्यावर दोन्ही पंच्यांची फुली केली. थांब.

सहा पावलांवर ती थांबली.

पंख्यांच्या सावल्या मंदावल्या. एकेक पातं मोजता येऊ लागलं. मग तीही थांबली.

पुढचं दार उघडलं. एका माणसाची सावली खाली उतरली. ती थोडी थबकली, आणि शशिधरच्या अंगावरून, अगदी छातीवरून, घराकडं चालत गेली. तिच्या वाटेत जिथं जिथं त्याचं अंग आलं, तिथं विहिरीच्या तळासारखा गारवा लागला.

तो वळला तेव्हा ती दारातून आत जात होती. मागं पट्टीवर नुसतं ऊन होतं.

"कोण हुतं अप्पा?"

चन्नाप्पा उभा राहिला होता. "चाल बघितलीस न्हवं? पावण्याची न्हाय ती. आपल्या घरातली हाय."

शशिधर धावत घरात गेला. चुलीसमोर ताटात अर्धी मोडलेली भाकरी होती. शांतव्वानं वर पाहिलं.

"आता आणि काय ऱ्हायलं रं? आत्ताच जेवून आडवा हुतो म्हणालास की."

आतल्या खोलीत कुणीच नव्हतं. त्यानं माळा पाहिला, गोठा पाहिला, कणगीमागं हात घातला. कुणीच नाही. चार दिवसांनी तो नोकरीवर परत गेला.

पुढं त्यानं खूप वर्षं विमान चालवलं, आणि चांगलं चालवलं. लेह, जोरहाट, अंदमान. बर्फात अडकलेल्यांना धान्य टाकलं, पुरातली माणसं काढली. त्याच्या हातून एकही उतरणं कधी चुकलं नाही. सावली पुन्हा आली नाही, असं अप्पांनी कळवलं.

दर रविवारी तो घरी फोन करायचा. शांतव्वा पावसाचं सांगायची, म्हशीचं सांगायची, भावकीतल्या लग्नाचं सांगायची, आणि फोन ठेवायची. आता भोगीला रजा मागायचं कारण उरलं नव्हतं; त्या भोगीनंतर चार वर्षं तो घरी गेला नव्हता. या चार वर्षांत 'कधी येणार' असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. २००८ च्या एका रविवारी हे त्याच्या ध्यानात आलं. शेवटी त्यानंच विचारलं,

"अव्वा, कधी येऊ मी?"

मग तिनं फोन बाजूला धरला असावा. तिचा आवाज लांबून आला, दबका, मायेचा.

"शशी, ऊठ बाळा. त्यो इचारतोय, कधी येऊ म्हणून. काय सांगू त्याला?"