त्याहून जास्तीचा रकाना

अल्बुकर्कीच्या सरकारी कचेरीत यंत्राने माझ्या बोटांचे ठसे तिसऱ्यांदा नाकारले. चार वर्षं ॲसिटोनने काचेची भांडी धुतली की बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाने क्रीमची ट्यूब पुढे केली.

"चोळ. नाहीतर सरकार म्हणेल, ही बाई अस्तित्वातच नाही."

चौथ्यांदा दिवा हिरवा झाला. मी त्याच्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ.

तो डेझमंड टफोया, मी कॉरिन. एकाच सरकारी प्रयोगशाळेने आम्हाला नोकरीवर घेतलं होतं. पण गुप्त कामाची परवानगी येईपर्यंत कुंपणाबाहेरच्या इमारतीत आम्ही तापमापक तपासत होतो. दुपारी एकाच बाकावर बरिटो, पोळीत गुंडाळलेलं सारण. त्याचा हिरव्या मिरचीचा, माझा लाल.

सातव्या आठवड्यात तो म्हणाला, "परवानगीच्या अर्जात तुझं नाव दिलंय. 'मला चांगलं ओळखणारी व्यक्ती'."

"फक्त चांगलं?"

"त्याहून जास्तीसाठी रकाना नव्हता."

माझे कान तापले. "मग चौकशीवाले मला भेटणार. काय सांगू?"

त्याचा घास हातातच राहिला. "कॉरिन... गेल्या वर्षी मी गांजाच्या गोळ्या खाल्ल्या. दोनदा. दुकानातून, पावती घेऊन! आपल्या राज्यात चालतं ना."

"वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला चालत नाही. अर्जात लिहिलंस?"

"'कधीच नाही' लिहिलं."

"वेडा आहेस का? गोळ्यांचा ते तोलून विचार करतात — किती, कधी, पुन्हा घेणार का. पण खोटं पकडलं, तर तुझ्या बाकीच्या उत्तरांवर कोण विश्वास ठेवणार?"

"तू सांगशील त्यांना?"

"विचारलं तर, हो."

"प्रेम वगैरे काही—"

"आहे," मी म्हणाले. "म्हणून तर आधी तुला सांगतेय."

 मग त्याने माझ्या बरिटोचा घास घेतला — लाल मिरचीचा! — आणि डोळे पुसत म्हणाला, "तिखटामुळे आहे हं."

गुरुवारी मुलाखतीत, चौकशीवाल्यांनी काही विचारायच्या आत, त्याने सगळं सांगितलं.

माझी परवानगी मार्चमध्ये आली. त्याची फाइल चौदा महिने हलली नाही. प्रयोगशाळा थांबायला तयार नव्हती. जागा दुसऱ्याला गेली. आता तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, प्रयोगात चुकलेली नोंद खोडू नका. शेजारी बरोबर आकडा लिहा.

गेल्या आठवड्यात माझा परवानगीचा अर्ज नव्याने भरायचा होता. स्वयंपाकघरातूनच मी हाक मारली.

"डेझ, तेव्हा तू पुढचं पान बघितलंच नव्हतंस."

"का?"

"त्याहून जास्तीसाठी रकाना होता. 'सोबत राहणारी व्यक्ती'." मी पेन उचललं. "टफोयाचं स्पेलिंग सांग. इथे चूक चालत नाही."